काउंटरपलीकडून : ‘भाच्यासाठी हवंय’

(सातारच्या मोती चौकाजवळ ३१ वर्षं खेळणी-स्टेशनरीचं दुकान चालवलेल्या काकू वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

मागच्या अंकात दप्तरांबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की कार्टूनच्या वस्तू घेणाऱ्यांत पोरांइतकीच मोठी माणसंही असायची. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की दप्तरं राहिली बाजूला. बहुतेकांनी ‘नाव छापू नका’ म्हणून बजावलंय. एकाने तर पाकिटावरसुद्धा नाव घातलेलं नाही. जागेपुरती कापून देते आहे.

काकू, स. न. वि. वि.
वय ३६, नोकरी सहकारी बँकेत, कर्ज विभागात. मला डोरेमॉन आवडतो. २००५ साली हंगामा वाहिनीवर तो लागायला लागला तेव्हा मी अकरावीत होतो आणि धाकटा भाऊ दुसरीत. त्याला सोबत म्हणून बसायचो. दोन वर्षांत भाऊ क्रिकेटकडे गेला, मी तिथेच राहिलो. गेल्या महिन्यात ऑफिससाठी पाण्याची बाटली घ्यायला गेलो. फळीवर डोरेमॉनची निळी बाटली होती, झाकणावर पिवळी घंटा. दुकानदारांनी विचारलं, ‘केवढ्या मुलासाठी?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘भाच्यासाठी. सहा वर्षांचा आहे.’ मला बहीण नाही. बायकोही एकुलती एक. त्यांनी ती बाटली परत ठेवली आणि गळ्यात अडकवायची, पट्टा असलेली ३५० मिलीची काढली. ‘सहा वर्षांच्याला ती जड होईल हो.’ आता मी काय बोलणार? वर नावाचा स्टिकर फुकट. नाव काय, म्हणाले. मी ‘अथर्व’ सांगितलं. आमच्या फ्रिजवर आता ‘अथर्व’ लिहिलेली बाटली आहे आणि बायको रोज विचारते, अथर्व कोण. मी पन्नास-पन्नास लाखांच्या कर्जाच्या फायलींवर शेरे मारतो आणि २८० रुपयांच्या बाटलीपुढे माझी बोबडी वळते. दुकानदार आमच्यासारख्यांबद्दल मनात काय म्हणतात, ते खरं सांगा.
एक वाचक, सांगली

अथर्वच्या मामा, मी हसले. दोनदा. माझा मुलगा तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तेव्हा अरे-तुरे करते, चालवून घे.

खरं हवंय ना? तू पायरी उतरलास की दुकानदार तुला विसरला. गल्ल्यामागे बसलेल्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं सांगते. पाचशेची सुटी आणायला शेजारी धाडलेला पोऱ्या तिकडेच रमलाय. पुण्याच्या बोहरी आळीतल्या पार्टीला, म्हणजे घाऊक माल देणाऱ्याला, दिलेला चेक उद्या लागणार. मागे कुणाचं तरी पोरगं पृथ्वीचा गोल गरागरा फिरवतंय आणि त्याची आई फोनवर. यात तुझा डोरेमॉन कुठे बसणार? आणि बसलाच, तर असं गिऱ्हाईक मिळाल्याचा आनंदच असतो. मोठा माणूस स्वतःसाठी घेतो तेव्हा भाव करत नाही, बदलून मागायला येत नाही, आणि ‘एवढ्याशा प्लॅस्टिकला एवढे?’ असं म्हणत नाही. लहान मुलाच्या खरेदीत हे तिन्ही असतं, कारण पैसे देणारा वेगळा आणि वस्तू हवी असणारा वेगळा.

‘केवढ्या मुलासाठी’ हा प्रश्न म्हणजे चौकशी नव्हे. चपलेच्या दुकानात ‘नंबर काय’ विचारतात तसा तो. आमच्या धंद्यात माल वयावर लावलेला असतो, म्हणून वय विचारायचं. तू घाबरून त्याचं उत्तर चुकीचं दिलंस, त्याने त्या उत्तराप्रमाणे चोख माल दिला. त्याची काय चूक?

आता, तुझ्यासारखी माणसं ओळखू यायची का? लगेच. एक प्रकार फोनवाल्यांचा. कानाला फोन लावायचा, ‘हां सोनू, कुठला हवाय, लाल की निळा?’ आणि पलीकडे कुणीच नाही. एकदा असाच एकाचा फोन बोलता बोलता कानातच वाजला. दुसरा प्रकार, आधी चार फुलस्केप वह्या, दोन पेनं, एक फेविस्टिक घ्यायची आणि शेवटी, जणू आत्ताच दिसलं, ‘हे किचेन पण टाका.’ मेडिकलमध्ये नको असलेली डोकेदुखीची गोळी आधी मागून घेतात, तसलंच. तिसरे दुकान रिकामं व्हायची वाट बघत रस्त्यापलीकडे उसाचा रस पीत उभे राहायचे. बायकांचं तसं नसे. कॉलेजातल्या पोरी तर ‘अय्या किती गोड’ म्हणत डबाच उचलायच्या आणि तिथेच उघडून बघायच्या. लाजायचे ते पुरुष, आणि त्यातही नोकरी पक्की झालेले.

एक मात्र कधी लाजला नाही. एसटीत कंडक्टर होता. पगार झाला की पहिल्या चार दिवसांत यायचा आणि टॉम अँड जेरीचे स्टिकर मागायचा. पण फक्त टॉमचे. आमच्याकडे शीट यायची दोघांची मिळून, मग तो शीट घ्यायचा, टॉम ठेवायचा आणि जेरी तिथल्या तिथे दुकानातल्या पोरांना वाटून टाकायचा. पहिल्यांदा मीही तुझ्या दुकानदारासारखं विचारलं, ‘मुलगा केवढा आहे?’ म्हणाला, ‘मुलगी आहे, दहावीला. हे माझ्या पेटीला.’ आणि खांद्यावरची तिकिटांची पत्र्याची पेटी काउंटरवर ठेवून झाकण उघडून दाखवलं. आतल्या बाजूला सगळा टॉम. पळणारा, भाजलेला, शेपटीला प्लॅस्टर घातलेला, तव्याच्या आकाराचं तोंड झालेला. ‘बिचारा रोज मार खातो नि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर,’ असं म्हणाला. पुढे तिकिटांची मशिनं आली, पेटी गेली. तरी तो आला. मशिनच्या कातडी कव्हरवर स्टिकर टिकत नाही म्हणून मीच त्याला पारदर्शक चिकटपट्टी वरून लावायला सुचवलं. पुष्कळ वर्षं तो येत होता, आणि दुकानातलं कुणी त्याच्यावर हसल्याचं मला आठवत नाही. हसायला जागाच ठेवायचा नाही तो.

आणि टॉम अँड जेरी मुळात तरी पोरांसाठी कुठे होतं? १९४० साली ती चित्रं निघाली ती सिनेमाच्या थेटरासाठी, मुख्य चित्रपटाआधी दाखवायला. तिकीट काढून आलेली मोठी माणसं ती बघून हसायची. टीव्ही घरात आला आणि ते पोरांच्या वाट्याला गेलं.

तुला आणखी एक दाखवते. दिवाळीच्या आधी आमच्याकडे किल्ल्यासाठी मातीचे मावळे यायचे. त्या आठवड्यात काउंटरला फक्त बापे. ‘याच्या ढालीचा रंग उडालाय, दुसरा द्या.’ ‘तोफ मावळ्याच्या मानाने मोठी वाटते.’ महाराज सिंहासनावरचे घ्यायचे की घोड्यावरचे यावर बाप आणि आजोबा यांच्यात जुंपायची, आणि ज्याच्या नावाने किल्ला बांधायचा तो नातू पायरीवर बसून फुलबाज्या मोजतोय. तास-तास निवडायचे. त्यांच्यातला एकही मला लाजलेला आठवत नाही, कारण मावळे घेताना लाजायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. डोरेमॉनचं मात्र तुला कुणीतरी शिकवलंय. कोण ते तूच आठव.

आता कामाचं. परत त्याच दुकानात जा. ‘ती मोठी निळी बाटली दाखवा, मला ऑफिसला न्यायची आहे,’ एवढंच म्हण. ‘मला आवडतो’ वगैरे सांगायची गरज नाही, त्यांनी विचारलेलं नाही. वय विचारलंच तर ‘मोठ्या माणसाला चालेल अशी’ म्हण. जुनी बाटली शेजारच्या कुणाला तरी दे, स्टिकर गरम पाण्यात निघतो. आणि बायकोला अथर्व कोण ते आजच सांग. त्या बाटलीपेक्षा ते जास्त निकडीचं दिसतंय.

काकू, नमस्कार. मी कुडाळला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ४४. शिनचॅनमधला शिरो कुत्रा माझा अतिशय लाडका. गोव्यात मडगावला गेले असताना एका दुकानात शिरोचं सॉफ्ट टॉय मिळालं, शेवटचा नग. हातात घेऊन गल्ल्याकडे निघाले तोच पाचएक वर्षांच्या मुलाने भोकाड पसरलं. त्याची आई माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुम्ही एवढ्या मोठ्या, तुम्हाला काय करायचंय त्याचं?’ मी देऊन टाकलं. आठ महिने झाले, अजून डोक्यातून जात नाही. त्यांनी निदान थँक्यू तरी म्हणायचं. मी बरोबर केलं ना?

बाई, बरोबर केलं असं सगळे म्हणतील. मी नाही म्हणणार.

तो नग तुमच्या हातात होता. दुकानात ज्याच्या हातात त्याचा, एवढा साधा नियम आहे, आणि तो मोडला की दुकान चालवता येत नाही. मी गल्ल्यावर असते तर बिल तुमचं फाडलं असतं आणि त्या पोराच्या हातात दुसरं काहीतरी दिलं असतं. चावीचा बेडूक. हमखास चालतो. पाच वर्षांच्याचं रडू दुकानाच्या पायरीपर्यंत टिकतं, खाली गोळेवाला दिसला की संपलं. तुमचं आठ महिने चाललंय. मग जास्त हवं होतं कुणाला?

उलट झालं असतं, म्हणजे पोराच्या हातात असतं आणि तुम्ही ‘अगं बाई, शेवटचा’ म्हणून काढून घेतलं असतं, तर मी तुम्हाला दुकानाबाहेर काढलं असतं. तेवढा फरक मी करते. शेवटचा नग दोघांनाही अजून फळीवरच दिसत असेल तरी मूल आधी. पण हातातला काढून देणं हा उपकार असतो, आणि उपकार मागून घेताना माणसाने निदान ‘प्लीज’ म्हणावं. त्या बाईंचं वाक्य मात्र फुकट लावून घेऊ नका. पोर चारचौघांत रडलं की आई समोर दिसेल त्याच्यावर खेकसते, शाळेत तुम्ही ते रोज बघत असाल.

आणि ‘एवढ्या मोठ्या’ला एक उत्तर ठेवा जवळ. शिनचॅनची चित्रकथा १९९० मध्ये जपानात सुरू झाली ती मोठ्या पुरुषांसाठी निघणाऱ्या एका साप्ताहिकात. पोरांकडे तो नंतर आला. आपल्याकडे २००८ मध्ये तो काही काळ बंद झाला होता, तो का, हे त्याचे मूळ वाचक कोण होते ते कळल्यावर जरा उलगडतं. तेव्हा खरं तर त्या पोरानेच तुमचं घेतलं.

ताई, माझा मुलगा २७ वर्षांचा, नाशिकला कंपनीत आहे. हॉलमधल्या शोकेसचे दोन कप्पे त्याने पोकेमॉनच्या बाहुल्यांनी भरलेत. पत्त्यांसारखी कार्डं वेगळी, फायलीत. मागच्या महिन्यात एक बाहुली नऊ हजारांची घेतली! पुढच्या रविवारी स्थळ बघायला माणसं येणार आहेत. मी त्या कप्प्यांना पडदा लावते म्हणाले तर रुसून बसलाय. आमच्या शोकेसमध्ये पहिल्यापासून माझी पितळेची भातुकली आणि लमाणी बाहुल्या छान मांडलेल्या आहेत, त्यात हे कसं दिसतं? काय करावं?

ताई, तुमचं पत्र मी शेवटून पहिल्यांदा वाचलं. पितळेची भातुकली. बंब, खलबत्ता, पाटा-वरवंटा, शेवेचा सोऱ्या, असेलच सगळं. तुमचं वय मी साठीच्या आसपास धरते. त्या बोटभर सोऱ्यातून तुम्ही शेव पाडत नाही, पण दिवाळीआधी चिंच लावून घासत असाल. मुलाने कधी विचारलंय का, आई, हे कसं दिसतं?

पोकेमॉन आपल्याकडे २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर आलं. तुमचा तेव्हा पाच वर्षांचा. वेफर्सच्या पुड्यातून गोल टाझो निघायचे ते तुम्हाला आठवत असतील. आमच्या पायरीवर पोरं पुडा फोडायची, टाझो खिशात घालायची आणि वेफर्स कावळ्यांना. तुमच्या घरातही एक डबा असणार, तुम्ही दहावीच्या वर्षी तो रद्दीत दिला असणार. दिला ना? मला वाटलंच. आता पगार त्याचा आहे, म्हणून तो परत जमवतोय.

पडदा लावू नका. एक तर पाहुण्यांबरोबर एखादं पोर येतंच, आणि ते सगळ्यात आधी पडदाच ओढतं. मग मुलीकडचे समजणार की लपवण्यासारखं काहीतरी आहे. दुसरं म्हणजे, मुलीला हे चालणार नसेल तर ते सुपारी फुटायच्या आधी कळलेलं बरं. आणि चालणार असेल, कदाचित तिच्याही घरी एक कप्पा असेल, तर त्या दोघांना बोलायला काहीतरी विषय मिळेल. नाहीतर पोह्यांच्या बशीकडे बघत बसतात दोघं, ‘तुमचे छंद काय’, ‘वाचन’.

नऊ हजारांचं मात्र तुमचं बरोबर आहे. पण ते पैशाचं बोलणं आहे, ते पैशाचं म्हणूनच बोला. पगार किती, हप्ते किती, शिल्लक काय. बुलेटला सायलेन्सर लावला असता, नाहीतर बूट घेतले असते, तर जे विचारलं असतं तेच विचारा. त्यात पिकाचूला कशाला ओढता? ‘वय काय, करतोस काय’ असं सुरू केलंत की तो ऐकायचं बंद करणार आणि हिशोब राहून जाणार.

कप्प्यांची वाटणी करा, वरचे दोन तुमचे, खालचे दोन त्याचे. काच दोघांनी मिळून पुसा.

काकू, एडिसन, न्यू जर्सीहून लिहिते आहे. माहेर ठाण्याचं. नवरा ४० वर्षांचा, इंजिनियर. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इथे छोट्या घोड्यांची, पोनींची एक नवी मालिका सुरू झाली, लहान मुलींसाठी. पण मोठे पुरुष तिचे जबरदस्त चाहते झाले, इथे त्यांना ब्रोनी म्हणतात. आमचे हे त्यातले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बाल्टिमोरला त्यांचं मोठं संमेलन झालं तेव्हा मीही गेले होते. आयाळ-शेपट्या लावलेले दाढीवाले पुरुष, आणि सगळे इतके सौजन्याने वागणारे की मी चकित झाले. तिथे हे छाती काढून फिरत होते. दुकानात मात्र पार मांजर. २०१८ मध्ये खेळण्यांची ती मोठी साखळी बंद पडली तेव्हापासून सुपरमार्केटातल्या मुलींच्या गुलाबी रांगेत जावं लागतं. एकदा एका आईने यांना बघून आपल्या मुलीचा हात धरून तिला पलीकडे नेलं. तेव्हापासून एकटे जात नाहीत. मला नाहीतर आमच्या सात वर्षांच्या लेकीला नेतात, आणि लेकीला घोडे आवडतच नाहीत, तिला डायनोसॉर हवेत. ऑनलाइन घ्या म्हटलं तर म्हणतात डोळे वाकडे छापलेले येतात, हातात घेऊन निवडावं लागतं. मी किती दिवस ढाल व्हायचं?

तुमच्या यजमानांचं दुःख सांगलीकराच्या दुःखापेक्षा वेगळं आहे, म्हणून जरा जपून लिहिते. सांगलीकराला हसतील याची भीती. यांना संशय घेतील याची. आणि ती भीती अगदीच खोटी नाही.

त्या आईला मी दोष देणार नाही. तिने दोन सेकंदांत ठरवलं आणि मुलीला बाजूला घेतलं, कुठलीही आई घेईल. तुमच्या यजमानांचाही काही दोष नाही. दोघंही बरोबर असून एकाला अपमान झाल्यासारखं वाटलं, असं होतं कधीकधी, त्याला इलाज नाही.

पण गल्ल्यामागून मी जे बघितलं ते सांगते. दुकानात एकटा पुरुष आला की माझंही लक्ष जायचं, खोटं कशाला बोलू. मात्र मालाकडे बघणारा आणि मुलांकडे बघणारा, यांतला फरक पाच मिनिटांत कळतो. मालाकडे बघणारा वाकतो, किंमत उलटून बघतो, दोन नग शेजारी धरतो, उजेडाकडे नेतो. तुमचे यजमान डोळे तपासत असतील तर ते अगदी असेच दिसत असणार. आमच्याकडे गौरीचे मुखवटे घेताना बायका अशाच बघतात, डोळ्यांची रेघ सरळ आहे का. हे बघणं ज्याने बघितलंय त्याला शंका येत नाही. शंका येते ती वस्तूला हात न लावता, इकडेतिकडे चोरून बघत, रांगेच्या तोंडाशी घुटमळणाऱ्याची. म्हणजे लाजेपायी जे माणूस करतो, तेच नेमकं वाईट दिसतं!

तेव्हा त्यांना सांगा, कामाच्या दिवशी सकाळी जा, मुलं शाळेत असतात. आत शिरल्यावर आधी तिथल्या कर्मचाऱ्याला गाठा आणि हव्या त्या पोनीचं नाव घेऊन विचारा, ‘रेनबो डॅश आली का?’ नाव घेऊन मागणारा तो गिऱ्हाईक. पोरं असतील तर पाच मिनिटं दुसऱ्या रांगेत काढा, काही बिघडत नाही.

तुम्ही बरोबर जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नवऱ्याबरोबर बाजारात जाणं मला काही जड वाटायचं नाही, हे गेले तेव्हापासून तर नाहीच. पण लेकीला यात घालू नका. तिला पुढे करून घोडा घ्यायचा आणि डायनोसॉर नाही घ्यायचा, हे ती चाळिशीला आली तरी विसरणार नाही.

आता किरकोळ प्रश्न, भराभर.

‘पाकिटावर ३+ असतं. मी ५२. मला चालेल का?’ (पुणे) तुम्ही ४९ वर्षांनी जास्तच पात्र आहात. तो आकडा बारीक भाग घशात जाऊ नयेत म्हणून असतो, खालची मर्यादा आहे ती. वरची नसते. लेगोवाल्यांनी तर २०२० पासून मोठ्यांच्या संचांवर १८+ छापायला घेतलंय, काळी खोकी असतात बघा.

‘डोरेमॉन ओरिजिनल की कॉपी, कसा ओळखू?’ (लातूर) आधी हात बघा. त्याला बोटं नाहीत, गोळे आहेत. कॉपीवाले उत्साहाच्या भरात बोटं काढतात. मिशा एका बाजूला तीन. शेपटीचा गोळा लाल. मग मागची बाजू, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी हवी, आणि खेळणं असेल तर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय सक्तीचं आहे. खऱ्या डोरेमॉनला कान नसतात, पण एकदा मलाही पार्टीने कान असलेले दोन डझन डोरेमॉन गळ्यात मारले होते. आमच्याकडे पोरांनी ते मांजर म्हणून नेले.

‘लहान मुलांच्या विभागातला १३-१४ वर्षांचा टी-शर्ट मला होतो. पण ट्रायल रूममध्ये जायची लाज वाटते.’ (डोंबिवली) घरचा एक नीट बसणारा टी-शर्ट पिशवीत घेऊन जा आणि त्यावर ठेवून छाती-खांदा मोजा. बाह्या आखूड निघतात, तेवढं धरून चाला.

‘काकू, दुकान बंद करताना तुम्ही स्वतःसाठी काय ठेवलंत?’ (कराड) ठेवलं नाही, राहिलं. डोरेमॉनच्या दिवेवाल्या राख्या, एक खोकं. खरेदी करताना माझाच अंदाज चुकला होता. माझा भाऊ ६८ वर्षांचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. दरवर्षी त्याला त्यातलीच एक बांधते. दिवा बहुतेकींचा लागत नाही, सेल संपलेत. मागच्या वर्षी चुकून एकीचा लागला आणि तो ती तशीच लुकलुकती घेऊन पासबुक भरायला बँकेत गेला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘आजोबा, नातीने बांधली वाटतं?’ आणि हा चक्क ‘हो’ म्हणाला. मी चांगलं झापलं त्याला. अजून पंचवीस उरल्यात.